द्वारकेची गाडी

झाशी स्टेशनच्या पूछताछ खिडकीमागे बसलं की पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळते. माहिती शेजारच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते: गाडी कोणती, किती उशिरा, कोणत्या फलाटावर. माणूस ती नीट वाचतो, मग खिडकीशी येतो आणि विचारतो, "बहनजी, गाड़ी लेट है क्या?" फळ्यावरचं त्याला माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं.

त्या खिडकीत आणि तिच्यामागच्या माइकच्या खोलीत माझी बहुतेक नोकरी गेली. आता घोषणा संगणक करतो, फळ्याच्या जागी लाल दिवे आले आहेत आणि मी आत बसून कागद हलवते. निवृत्ती दिसू लागली म्हणून दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा असा निरोप आला. मी सवयीप्रमाणे विषयांची यादी केली आणि एक सोडून बाकी सगळं खोडलं. पण ते एक कळायला आमचं काम थोडं कळायला हवं.

गाडीची खबर आमच्याकडे कंट्रोलच्या, म्हणजे गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कचेरीच्या, फोनवरून येते. गाडी ग्वाल्हेर सोडून निघाली, दतियाला थांबवून ठेवली, असं तुकड्यातुकड्यानं कळतं. ते तुकडे जोडून लोकांना सांगायचं, एवढंच काम. त्यातली अवघड बाजू म्हणजे काय सांगायचं नाही. माझे वरिष्ठ तिवारीजी यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बेटा, एक बात गाँठ बाँध लो. 'थोड़ी देर में' कभी मत कहना. तास सांगितला की माणूस चहा पितो. थोडी देर सांगितली की तो तुझ्याकडेच बघत उभा राहतो." तिवारीजी आमच्या घरी जाऊन येऊन निम्मं मराठी बोलत. मी हा नियम कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. हळूहळू त्या दारावर जागा उरली नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बुंदेलखंडी आजोबा घाबरेघुबरे आले, "बिन्ना, हमाई घरवाली हिरा गई!" बायको गर्दीत हरवली होती. माइकवर पुकारायला नाव विचारलं तर आजोबा लाजून फलाटाकडे बघू लागले. बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं आणि आता रेल्वेसाठी घेणार नव्हते. शेवटी मी हिंदीत पुकारलं, "मऊरानीपूरच्या फूलसिंहांच्या घरच्यांनी, ज्यांच्या हातात हिरवी छत्री आहे, पूछताछ खिडकीशी यावं." हिरव्या छत्रीच्या तीन बायका आल्या. आजोबांनी त्यातली बरोबर निवडली आणि जाताना मला म्हणाले, "नाम बिना भी काम चल गओ, देखो!"

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मी त्या खिडकीत मुळात आले ती एका कादंबरीमुळे, आणि तिथे टिकले तीही तिच्यामुळेच. निदान बरीच वर्षं मी असं समजत होते.

आम्ही झाशीतल्याच दतिया गेटजवळचे. पूर्वज दक्षिणेतून सरदारांबरोबर हिशेब लिहायला आले आणि इथलेच झाले. यादी करायची खोड बहुधा तिथूनच माझ्यात आली. घरात मराठी होतं, पण हिंदीत भिजलेलं. मराठी पुस्तकं मात्र दुर्मीळ. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या मराठी घरांनी एक फिरती पेटी चालवली होती. पत्र्याची पेटी, आत पुस्तकं. महिनाभर झाशी, मग सागर, मग ग्वाल्हेर. पेटीतल्या पुस्तकाला पोरांनी हात लावायचा नाही, कोपरे दुमडतात. म्हणून मोठ्यांनी वाचायचं आणि आम्ही ऐकायचं.

आम्हाला वाचून दाखवायची माझी नमूआत्या. वडिलांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, घरातल्या सगळ्यांच्या गुंड्या लावणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी दाराला खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, बांधून तिच्यावर पाणी मारलं की खोलीत अंधार आणि गारवा व्हायचा. आत मी, चुलत बहिणी आणि शेजारच्या दोघी. आत्या दाराच्या फटीशी उजेडाला बसायची, चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर.

त्या वर्षी जी कादंबरी आली ती महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली. तिचं नाव इथे देत नाही, का ते पुढे कळेल. नायिका द्वारका, कोकणातल्या एका खेड्यातली. चोरून लिहायला-वाचायला शिकलेली. तिला दूरच्या गावात मास्तरणीची जागा मिळते आणि काका म्हणतात, उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस. शेवटच्या प्रकरणात ती पहाटे बैलगाडीनं निघते. स्टेशनवर येते. गाडी धडधडत येते. मागून काका धावत येतात. द्वारका कमरेच्या किल्ल्या सोडून त्यांच्या हातात ठेवते, डब्यात चढते आणि खिडकीची जागा पकडते. पुढच्या स्टेशनवर ती पानाच्या दोन्यात गरम पुरी-आलू घेते आणि मागे न बघता पोटभर खाते.

आत्यानं पुस्तक मिटलं तेव्हा आम्ही पाचही जणी रडत होतो आणि भूकही लागली होती. दुसऱ्या दिवशी पेटी सागरला गेली.

तेव्हापासून द्वारका माझी झाली. तिचं बोलणं मला पाठ झालं. "आपण किंचित धीर धरावा", "माझ्याने हे होणे नाही", असली वाक्यं मी घरात वापरायचे आणि भाऊ पोट धरून हसायचे. पुढे रेल्वेची परीक्षा पास झाले, तेव्हा वडील म्हणाले, "पोरगी दिवसभर प्लॅटफॉर्मवर बसणार? लोग क्या कहेंगे?" मी म्हटलं, "द्वारका गेली ना?" वडिलांनी कादंबरी वाचली नव्हती. ते बुचकळ्यात पडले आणि त्या गडबडीत हो म्हणाले.

लग्नानंतर मी सीपरी बाजारात आले. सासूबाई प्रेमळ, पण गुडघ्यांनी अधू. मुलगा तीन वर्षांचा आणि सारखा आजारी. माझ्या पाळ्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या. शेवटी एका उन्हाळ्यात घरात ठरलं की जूनपासून मी नोकरी सोडायची. ठरलं म्हणजे मी सोडून सगळ्यांचं. नवरा सज्जन, ते म्हणाले, "बघ बुवा, तुझं तू." सासूबाई म्हणाल्या, "मी काही बोलून नाही राहिले. पण बच्चा माझ्याच्यानं सांभाळला जात नाही, इतना ही कहना है."

मी कागदावर दोन रकाने आखले. 'सोडण्याची कारणं' हा रकाना भराभर भरला: मुलाचा ताप, सासूबाईंचे गुडघे, दूध, स्वयंपाक, सगळं खरं. 'न सोडण्याची कारणं' या रकान्यात बराच वेळ विचार करून एकच शब्द लिहिला. द्वारका. तो कागद पर्समध्ये घालून मी कामावर जात होते आणि मे महिना सरत होता.

अशात एके दिवशी पहाटेच मोठी आंधी आली. बबिन्याच्या पुढे कुठेतरी झाड विजेच्या तारेवर पडलं आणि दक्षिणेकडची वाहतूक थांबली. सकाळी उत्तरेकडून आलेली एक गाडी आमच्या फलाटावर अडकली. तिच्यात हरिद्वार-वृंदावन करून परतणारी मराठी यात्रा मंडळी खच्चून भरलेली. ऊन चढू लागलं. डबे तापले. फलाटावरचे नळ सुकले. तारेचं काम केव्हा होईल ते कंट्रोलही सांगेना, संध्याकाळच्या आत नाही एवढंच कळलं. बघता बघता माझ्या खिडकीवर गर्दी उसळली.

"अहो, गाडी सुटणार का नाही?"

"ह्यांना हिंदीत विचार रे कोणीतरी!"

"विचारलं, तो म्हणतो थोडी देर!"

मी वळून बघितलं. शेजारच्या खिडकीतल्या नव्या कारकुनानं नेमकं तेच वाक्य बोलून टाकलं होतं. कुणीतरी काचेवर छत्रीची मूठ आपटली. तिवारीजी म्हणाले, "कुंदा, ये तुम्हारे लोग हैं. माइक घे."

त्या माइकवरून तोवर हिंदी आणि इंग्रजीच गेलं होतं. मी खटका दाबला. मोठ्या समुदायाशी बोलायचं मराठी माझ्याकडे एकच होतं, द्वारकेचं. तेच तोंडातून आलं. "समस्त मराठी प्रवाशांस विनंती. वादळाने वृक्ष कोसळून मार्ग बंद झाला आहे. सायंकाळपूर्वी गाडी निघणे नाही. आपण किंचित धीर धरावा. पाण्याची व्यवस्था होत आहे."

फलाट गप्प झाला. मग हसण्याची एक लाट उठली. हमालसुद्धा हसले, न कळता. संध्याकाळपर्यंत गाडी नाही, ही वाईट बातमी होती; पण एकदा पक्की बातमी मिळाल्यावर लोक चपला काढून बसले. तिवारीजींचा नियम खरा ठरला.

मग कामाला लागले. स्टेशन मास्तरांना विचारून मोठं प्रतीक्षालय उघडून घेतलं, तिथे कूलर होते. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी. सीपरी बाजारच्या एका सरबतवाल्याला फोन केला. त्यानं बर्फाच्या लाद्या आणि पाण्याच्या टाक्या टेम्पोत घालून आणल्या आणि पैशाचं नाव काढलं नाही. एकीला डायबिटिस, तिला लागलीच काहीतरी खायला. एका बाळाला ओआरएस. दुपारपर्यंत मी इतकी धावले की पायातल्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी तशीच फरफटत राहिले.

दुपारी जरा निवांत झाल्यावर प्रतीक्षालयात डोकावले तर रत्नागिरीकडच्या एका बाईंनी हात धरून खाली बसवलं. "बस गो बाय, घोटभर पाणी पी. आणि मला सांग, एवढं पुस्तकातलं मराठी बोलायला कुठं शिकलीस?"

"पुस्तकातच," मी म्हटलं आणि कादंबरीचं नाव सांगितलं.

सगळी खोली हलली. "अगं बाई, ती! मी किती रडले होते ती वाचून!" "आम्हाला शाळेत धडा होता त्यातला." सगळ्यांनाच द्वारका माहीत. परक्या गावात स्वतःच्या माहेरची माणसं भेटावी तसं मला झालं. कुणीतरी म्हणालं, सांगा ना थोडी, वेळ जाईल. मी सांगू लागले. पंख्याखाली मुलं पेंगत होती, बायका मान डोलवत होत्या. मी शेवटच्या प्रकरणाला आले. बैलगाडी, पहाट, स्टेशन, किल्ल्या. द्वारका डब्यात चढली. दोना हातात घेतला.

बघते तर कुणी मान डोलवत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते.

कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गुरुजी, त्या बाईंचे यजमान, घसा साफ करून फार हळुवारपणे म्हणाले, "बाई, एक विचारू? कोकणात रेल्वे कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. आज नाही, तर द्वारकेच्या वेळी कुठून असणार? ती जाते ती बंदरावर. बोटीसाठी."

"आणि पुरी-आलू?" एका बाईनं विचारलं आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. हसणं भाग होतं.

"मग बोटीत चढते ना?" मी विचारलं.

गुरुजींनी बायकोकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "नाही हो," गुरुजी म्हणाले. "काका येतात. ती धक्क्यावर उभी राहते. बोट जाते. ती घरी येऊन चूल पेटवते. तिथे संपतं पुस्तक. म्हणून तर सगळे रडतात."

मी बरं म्हटलं, उठले आणि माइकच्या खोलीत आले. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर देशभरच्या रेल्वेचा मोठा नकाशा टांगलेला होता. त्याला पाठ टेकून मी इतकी वर्षं बसत होते. इटारसीचं कनेक्शन मी झोपेत सांगायचे, मनमाडला कुठली गाडी किती थांबते ते तोंडपाठ. वळून बघितलं. मुंबईच्या खाली समुद्राच्या काठाने एक लांब पट्टी कोरी होती. एकही रेघ नाही.

यादी करणाऱ्यांचा हाच घोटाळा असतो. एकदा खूण केली की ती गोष्ट झाली. 'द्वारका: वाचली', खूण. पुस्तक पुन्हा मिळवून वाचावं असं कधी मनात आलं नाही. पाठच होतं की.

संध्याकाळी गाडी सुटली. दारात उभ्या असलेल्या त्या रत्नागिरीच्या बाई ओरडून म्हणाल्या, "तुझाच शेवट बरा आहे गो! आम्ही तोच घेऊन जातो!" फलाटभर रुमाल हलत होते. तिवारीजी म्हणाले, "वाह बेटा, आज तो कमाल कर दिया." मी पर्समधून तो दोन रकान्यांचा कागद काढला. उजवीकडचं एकच कारण होतं आणि ते छापलेल्या पुस्तकात नव्हतंच. मी ते खोडलं. रकाना कोरा झाला.

घरी जायच्या ऐवजी सवारी टेम्पो पकडून दतिया गेटला गेले. आत्या अंगणात खाटेवर बसून कैऱ्या चिरत होती. साठी ओलांडलेली, चष्मा तसाच नाकावर.

"आत्या, द्वारका कशात चढली?"

तिनं कैरीवरून मान वर केली नाही. "कोणी सांगितलं?"

"एका गाडीभर लोकांनी सांगितलं! भर स्टेशनात! रेल्वेची बाई मी, आणि मी कोकणात गाडी धाडली! तू असं का केलंस?"

"अगं, तिथे बोट होती. तुम्ही पोरींनी समुद्र कुठे बघितला होता? बेतवा नदीच्या पलीकडे तर गेला नव्हतात. बोट म्हटलं असतं तर डोळ्यासमोर काय आलं असतं, नाव खेवणारा मल्लाह? म्हणून गाडी केली."

"बोटीची गाडी केलीस ते ठीक. पण ती गेलीच नव्हती!"

"हो. ते मी आदल्या रात्रीच पुढचं वाचून बघितलं होतं." आत्यानं कैरीची कोय बाजूला टाकली. "शेवटी ती चूल पेटवते. मी म्हटलं, वा रे वा! महिनाभर पोरींना ऐकवलं ते चूल पेटवायला? ती तर त्या अशाही पेटवणारच आहेत."

"मग तू बदललंस."

"जरा सुधारलं." तिनं पुढची कैरी घेतली. "मलाही समथरच्या कन्याशाळेत जागा मिळाली होती. बस दारावरून जायची. थोरल्या भावानं नको म्हटलं, मी गेले नाही. मग काय, चूल पेटवली. मला तो शेवट पाठ होता बेटा, वाचायची गरज नव्हती."

ही गोष्ट घरात मला कुणी कधी सांगितली नव्हती. मग पर्समधून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिनं कैरीचे हात पदराला पुसले, दोन्ही रकाने वाचले, खोडलेलं नाव उजेडात धरून बघितलं.

"आज त्या लोकांना दिवसभर कोणी सांभाळलं? द्वारकेनं?"

"मी."

"मग तिथे तिचं नाव कशाला लिहिलं होतंस?" तिनं कागद उलटा करून खाटेवर ठेवला आणि त्यावर कैऱ्यांचं ताट. "आणि डावीकडचं म्हणशील तर त्यात मुलगा, दूध आणि गुडघे आहेत. गुडघ्यांचं मला काही जमणार नाही. बाकी दोन्हीसाठी मी उद्यापासून येते. सकाळचा टेम्पो किती वाजता असतो?"

"आत्या, रोज? दतिया गेटहून सीपरी बाजार?"

"पूछताछवाली तू आहेस. वेळ सांग."

मी वेळ सांगितली. थोडी देर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवीत चष्मा, स्वतःचा पेला आणि कैरीचं लोणचं. सासूबाईंचं आणि तिचं पहिल्याच दिवशी चहाच्या साखरेवरून वाजलं आणि पुढे वर्षानुवर्षं वाजत राहिलं. सासूबाई मला म्हणायच्या, "तुझी आत्या फार डोकं खाते, बेटा," आणि ती एक दिवस आली नाही की दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. मुलगा मोठा झाला. तो मराठी समजतो, बोलताना हिंदीत घसरतो, पण गोष्टी ऐकून वाढला. त्याच्या वेळी आत्यानं आणखी कायकाय सुधारलं असेल, देव जाणे. जूनमध्ये मी नोकरी सोडली नाही. पुढच्याही कुठल्या जूनमध्ये नाही.

ती कादंबरी मी नंतर मागवली. शेवट वाचला. गुरुजींनी सांगितला तसाच आहे आणि फार सुंदर लिहिलेला आहे, हे कबूल केलं पाहिजे. नाव देत नाही ते याचसाठी. ज्यांना ती आवडते त्यांनी माझ्या गाडीमुळे नाराज होऊ नये आणि ज्यांनी वाचली नाही त्यांनी ती आपल्या हाताने, शेवटपर्यंत वाचावी.

काही वर्षांनी नकाशावरच्या त्या कोऱ्या पट्टीत रेघ उमटली. आमच्याच झाशीवरून कोकणात जाणारी गाडी सुरू झाली. नव्या गाडीचं नाव मी माइकवरून नेमापेक्षा एकदा जास्तच पुकारलं. तिवारीजी तोवर निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांनी चिडवलं असतं. त्या हिवाळ्यात मी रजा टाकली. माझा रेल्वेच्या नोकरीचा पास होता. आत्याचं नाव त्यात बसत नव्हतं, तिचं तिकीट काढलं आणि खालची खिडकीची जागा घेतली. सामानाच्या यादीत तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: पुरी-आलू.

दुसऱ्या दिवशी गाडी बोगद्यांतून आत-बाहेर करत चालली होती. माडांच्या मागून समुद्राची एक चमकती कडा दिसली, गेली, पुन्हा दिसली. आत्या काचेला नाक लावून बसली होती, मांडीवर डबा. एका छोट्या स्टेशनवर गाडी थांबली. लाल मातीचा फलाट, शेंदरी फुलांची झाडं, एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी. आत्यानं डबा उघडला, एक पुरी माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि खिडकीबाहेर बघत मजेत चावत म्हणाली,

"आली ना गाडी कोकणात? मी सांगितलं होतं. जरा लेट होती, एवढंच."